घरबसल्या एम.कॉम.?

वाचक लिहितात :

काकूंना सप्रेम नमस्कार,

मी तेहेतीस वर्षांची, राहणार मांजलपूर, वडोदरा. शाळा मराठी माध्यमातून झाली, मग बी.कॉम. केलं. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात चार वर्षं अकाउंट्स पाहिले, मुलगा झाल्यावर नोकरी सोडली. तो आता पहिलीत आहे, शाळा दुपारची. मला एम.कॉम. करायचंय. एक कॉलेज सकाळचं आहे, साडेसात ते साडेअकरा, घरून रिक्षाने पंचवीस मिनिटं. दुसरा पर्याय बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाचा, पूर्ण ऑनलाइन. मिस्टर नऊला कामावर निघतात. ते म्हणतात, घरबसल्या होतंय तर रोज रिक्षात पैसे कशाला घालायचे? सासूबाई म्हणतात, घरबसल्या शिक, बाळाकडेही लक्ष राहील. फोनवरच्या काउन्सेलरचं रोजचं पालुपद, "बेन, आजनी ज ऑफर छे" (ताई, ऑफर आजच्यापुरतीच आहे), घरबसल्या डिग्री, आणि सगळं इंटरॅक्टिव्ह, अगदी कॉलेजसारखं.

दोन वर्षांपूर्वी साडेचार हजार भरून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा एक ऑनलाइन कोर्स घेतला होता. तिसऱ्या आठवड्यात बाळाला कांजिण्या आल्या आणि तो सुटला तो सुटलाच. मिस्टर अजून चिडवतात. तर ऑनलाइन डिग्री चालते का? वर्गात शिकल्यासारखं शिकता येतं का? की माझ्यातच चिकाटी नाही? आणि हे सगळं मोबाइलवर होईल ना? घरात सासऱ्यांचा जुना डेस्कटॉप आहे, पण तो कोणी लावत नाही.

— घरबसली, मांजलपूर

*

तू काकू म्हटलंस, तेव्हा मी अगं-तुगंच करणार.

तुझं पत्र उत्तरायणाच्या आदल्या दिवशी आलं. गच्चीवर मुलांचा दंगा चालला होता आणि मी खाली तिळाच्या वड्या थापता थापता ते दोनदा वाचलं. त्यात 'घरबसल्या' हा शब्द तीन वेळा आलाय. एकदा मिस्टरांच्या तोंडी, एकदा सासूबाईंच्या, एकदा त्या फोनवाल्याच्या. तुझ्या तोंडी एकदाही नाही. तू फक्त सही तेवढी 'घरबसली' अशी केलीस. मला वाटतं तुझा खरा प्रश्न त्या सहीत आहे, पण तिकडे येते. आधी सोपं ते उरकून टाकू.

ऑनलाइन डिग्री चालते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२०च्या नियमांप्रमाणे, मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची धरतात. सप्टेंबर २०२२मध्ये आयोगाने पत्रक काढून तेच पुन्हा सांगितलं. मात्र विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढ्यावर जाऊ नकोस. मान्यता त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला आहे का, ते बघायचं. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर याद्या असतात. २०२४पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने तिथे स्वतःचा डेब आयडीही (डेब म्हणजे हाच ब्युरो) काढायचा असतो. तुझ्या फोनवाल्याला पुढच्या वेळी एवढंच विचार : "भाई, डेब आयडी कुठल्या टप्प्यावर काढायचा?" तो अडखळला तर फोन ठेव. हो, आणि तो विद्यापीठाचा माणूस आहे की मधल्या एखाद्या कंपनीचा, हेही विचार. खासगी कंपन्यांशी फ्रँचायझी करून पदव्या देणं नियमात बसत नाही, हे यूजीसीने जानेवारी २०२२मध्ये बजावलंय. प्रवेशाला शेवटची तारीख असते गं, 'आजनी ज ऑफर' साड्यांना असते.

आता 'इंटरॅक्टिव्ह'कडे वळते. इथे मी थोडी लांबण लावणार आहे, कारण या शब्दाने मलाही उतारवयात शिकवलंय.

मी वडोदऱ्यात एकतीस वर्षं कॉमर्सच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवलं. एकशेवीस पोरांचा वर्ग, पन्नास मिनिटांचा तास, फळ्याच्या डावीकडून उजवीकडे सूत्रं. पोरं माना डोलवायची. मी विचारायचे, समजलं? समोरून 'हो मॅडम'. मग चाचणीत निम्म्यांनी तीच चूक केलेली असायची आणि मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, आजकालची मुलं लक्ष देत नाहीत. हे 'आजकाल' एकतीस वर्षं चाललं, तेव्हा माझं मलाच कळायला हवं होतं.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. दिवाणावर उश्या रचून त्यावर लॅपटॉप ठेवला आणि काळ्या चौकोनांशी बोलू लागले. महिनाभर नुसतं 'हॅलो, आवाज येतोय का?' एके दिवशी कंटाळून सूत्र बाजूला ठेवलं आणि एक प्रश्न टाकला. दहा बिऱ्हाडांची एक चाळ आहे. नऊ बिऱ्हाडांचं उत्पन्न महिना २०,००० रुपये, दहाव्याचं २० लाख. सरासरी येते २ लाख १८ हजार. तर या चाळीची ऐपत सांगायला हा आकडा चालेल का? चालत नसेल तर कोणता? बोलू नका, लिहून पाठवा.

मिनिटभरात साठ उत्तरं आली. साठ! निम्मी चुकलेली होती, पण कोण कुठे चुकतंय ते मला पहिल्यांदाच समोर दिसत होतं. आणि वर्षभर शेवटून दुसऱ्या बाकावर बसलेली, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता अशा मुलीने लिहिलं, "मॅडम, त्या नऊ घरांना विचारा." मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, हे इतक्या थोडक्यात मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. त्या रात्री हिशोब केला. माझ्या वर्गात उत्तरं देणारी पोरं दरवर्षी पाचच, पुढच्या बाकावरची. म्हणजे मी एकशेवीसजणांसमोर उभी राहून त्या पाचजणांना शिकवत आले होते.

यावरून ऑनलाइन चांगलं आणि वर्ग वाईट, असं समजू नकोस. ती मुलगी वर्गातही बोलली असती. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांना १९९०च्या सुमारास असाच झटका बसला होता. सूत्रं बिनचूक वापरणारी मुलं साध्या समजुतीच्या प्रश्नाला कोसळत होती. मग त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवायला सुरुवात केली. एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं. हे सगळं वर्गातच, भिंतींच्या आत. टाळेबंदी उठल्यावर मीही शेवटची दोन वर्षं रंगीत पुठ्ठ्याची कार्डं वाटून हेच केलं. गोंगाट व्हायचा. शेजारच्या वर्गातल्या सरांनी एकदा तक्रारही केली.

विज्ञान-गणिताच्या वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांत नापास होण्याचं प्रमाण, वर्गात काहीतरी करायला लावलेल्या मुलांच्या दीडपट निघालं. पडद्यावरही तेच. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०१५मध्ये एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची नोंद तपासली, तेव्हा व्हिडिओ पाहण्यापेक्षा उदाहरणं सोडवण्याचा शिकण्यावरचा परिणाम सुमारे सहापट भरला. आपल्या आजीला हे संशोधनाशिवाय माहीत होतं. पोळी बघून येत नाही.

तेव्हा तो फोनवाला 'इंटरॅक्टिव्ह' म्हणाला की विचारायचं, चुकल्यावर काय होतं? समजा घसाऱ्याचं, म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी घटते त्याचं, गणित आहे आणि तुझं उत्तर चुकलं. लाल फुली दाखवून पुढचं पान उघडत असेल, तर त्याला इंटरॅक्टिव्ह म्हणायचं नाही. बटण दाबल्यावर हलते ती आमच्या सोसायटीची लिफ्टही. पण पडद्यावर असं आलं की 'तू घसारा स्ट्रेट लाइनने (दरवर्षी सारखाच) काढलास, प्रश्नात रिटन डाउन व्हॅल्यू (उरलेल्या किमतीवर) मागितलीय, दुसऱ्या वर्षाची सुरुवातीची रक्कम पुन्हा बघ', तर तो कार्यक्रम बनवणाऱ्याने शिक्षकाचं डोकं त्यात घातलंय. आणि लेखी उत्तरं, टिपणं, प्रकल्प वगैरे कोणी हाडामांसाचं माणूस वाचतं का? थेट तासाला किती जण असतात? शंका विचारली तर उत्तर त्याच दिवशी येतं की तिसऱ्या आठवड्यात? हे प्रश्न काउन्सेलरला विचारून उपयोग नाही, त्याला सगळ्याचं उत्तर 'हा जी' असंच द्यायला सांगितलेलं असतं. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा नंबर माग.

नमुन्याचं व्याख्यान दाखवतील. छान चित्रं, गोड आवाज, मागे हलकं संगीत. त्याला भुलू नकोस. हार्वर्डमध्येच २०१९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, आणि झगडत उदाहरणं सोडवणाऱ्यांना कमी शिकलो असं वाटलं. परीक्षेत मात्र झगडणारी पुढे निघाली. आपल्या डोक्याला घाम फुटत असतो, तेव्हा आपण मूर्ख आहोत असं वाटतं. तसं वाटू लागलं की कोर्स बरा आहे असं समजायला हरकत नाही.

ऑनलाइनची बाजू घ्यायची तर एक गोष्ट मनापासून सांगते. तुझी शाळा मराठी माध्यमाची. वर्गात इंग्रजीतून भरभर बोलणारे सर एकदा बोलून गेले की गेले. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, सावकाश लावता येतो, आणि तू तिसऱ्यांदा ऐकतेयस हे कोणाला कळतही नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींना याची गरज होती, आणि मी काही रिवाइंड होणारी नव्हते.

मग कांजिण्या आणि साडेचार हजार. मिस्टरांना हे वाचून दाखव. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून चालवलेल्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची सहा वर्षांची आकडेवारी २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण अभ्यासक्रम एकदाही उघडत नाहीत. २०१७-१८मध्ये पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतसुद्धा निम्म्याहून कमी शेवटपर्यंत पोचले. ही जगभरातली माणसं, त्यातली कित्येक आधीच पदवीधर. तू तिसऱ्या आठवड्यापर्यंत गेलीस, म्हणजे निम्म्या जगाच्या पुढेच गेलीस. आणि अर्धवट सोडण्याचं म्हणशील तर या गावाला त्याची मोठी परंपरा आहे. बडोद्यात शिकणारे विनोबा १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. तू काशीला गेली नाहीस, पोराच्या अंगावर कडुनिंबाचा पाला फिरवत बसलीस.

बरं, चिकाटी तुझ्यात आहे की नाही, हे त्या कोर्सवरून कळतच नाही. कारण त्या तीन आठवड्यांत तू अभ्यास कधी करत होतीस, ते तू लिहिलेलं नाहीस. मी अंदाज सांगते. रात्री साडेदहानंतर, ओटा पुसून झाल्यावर, बाळ झोपलं की बिछान्यात, कानात एकच इअरफोन घालून. दुसरा कान बाळाकडे. बरोबर?

आता माझा मुद्दा सांगते. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास धरतात. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, हा जुना हिशोब आहे. एम.कॉम. ८० क्रेडिटचं धरलं तर २,४०० तास झाले. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३. रोजचे सव्वातीन तास, रविवार-सणवार धरून. तुझ्या सकाळच्या कॉलेजचे चार तास गुणिले सहा दिवस केले की होतात २४. म्हणजे तास दोन्हीकडे तेवढेच लागतात! कॉलेजच्या वर घरचा अभ्यास असतो तो वेगळा, मान्य. पण मिस्टर आणि सासूबाई 'घरबसल्या' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे तास नाहीतच. त्यांच्या मनात असं आहे की ही घरातच असेल, कुकर लावेल, दार उघडेल, बाळाला खाऊ घालेल, आणि मधल्या फटींतून डिग्री होऊन जाईल. त्यांचा स्वभाव वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरात बसलेलं माणूस रिकामंच असतं, हा आपल्याकडचा जुना समज आहे.

वर्ग ही गोष्ट शिकवण्याच्या बाबतीत भिकार असू शकते. नोट्स सांगणारे आणि उतरवून घेणारे असे तास मी स्वतः पाहिलेत, थोडेफार घेतलेतही. पण वर्गाला दार असतं. साडेसात ते साडेअकरा तू त्या दाराच्या आत असलीस की गॅसवाला आला तरी तुला कोणी हाक मारू शकत नाही. ती वेळ तुला घरात कोणाकडून मागून घ्यावी लागत नाही. टाइमटेबल मागतं, हजेरी मागते. रिक्षाची पन्नास मिनिटं फुकट जातात असं मिस्टरांना वाटतं. मी म्हणते, गेल्या सहा वर्षांत तुला सलग पन्नास मिनिटं एकटीची कधी मिळाली, ते आठवून सांग. शिवाय बरोबर बसणाऱ्या दोन-चार जणी मिळतात. कोणाच्या मामाची सीएची फर्म असते, कुठे अकाउंटंटची जागा निघालेली असते. ऑनलाइनच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर या गोष्टी होतात, नाही असं नाही, पण तिथे आधी दोनशे सुप्रभात ओलांडावे लागतात.

म्हणून मला जे दिसतं ते लोक सांगतात त्याच्या उलट आहे. सगळे म्हणतात, ज्या बाईला घरातून वेळ मिळत नाही तिला ऑनलाइन सोयीचं. मी म्हणते, तिला तर वर्गच हवा. ऑनलाइन झेपतं ते ज्याला स्वतःची खोली आहे, स्वतःची वेळ आहे आणि ती वेळ घरातल्या बाकीच्यांना पाठ आहे अशा माणसाला. मिस्टरांनी ऑनलाइन एमबीए करायचं ठरवलं तर घरात टीव्हीचा आवाज कमी होईल. तुझ्यासाठी होईल का? तुझ्या घरातलं उत्तर मला माहीत नाही, तुला माहीत असेल.

आपल्या गावाचीच गोष्ट घे. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं आणि फिरत्या वाचनालयांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. पुस्तक तुमच्या दारी. त्या काळातलं ऑनलाइनच म्हण ना. पण त्याच्या आधी, १९०६मध्ये, त्यांनी सगळ्या राज्यात मुलामुलींना प्राथमिक शाळा सक्तीची केली होती. पेटी गावात गेली म्हणून सून ती उघडायला बसेल, असं त्यांनी गृहीत धरलं नाही. पोरींना घराबाहेर काढायला आधी कायदा लागला, पेट्या मागून आल्या.

तुझ्या घरी कायदा करता येणार नाही. पण एक छोटा प्रयोग करता येईल, तोही हजार रुपयांत. आयआयटींचे एनपीटीईएल म्हणून अभ्यासक्रम आहेत, सरकारच्या 'स्वयम्' मंचावर मिळतात. जानेवारीचं सत्र आत्ताच सुरू होतंय, नोंदणी फुकट. कॉमर्सला जवळचा एखादा बारा आठवड्यांचा विषय घे, संख्याशास्त्र, वित्त असा काहीतरी. मला विचारशील तर संख्याशास्त्रच, पण तो माझा पक्षपात. दर आठवड्याला गृहपाठ असतो आणि त्याला तारीख असते. बारांपैकी उत्तम आठ धरून २५ गुण, आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. पैसे लागतात ते फक्त त्या परीक्षेला, १,००० रुपये. तुझ्या साडेचार हजारांच्या कोर्सला तारीख होती का? मला वाटतं, 'तुमच्या सवडीने शिका' असं लिहिलेलं असेल. बाईमाणसाची सवड!

या बारा आठवड्यांची अट एकच. अभ्यास घरात करायचा नाही. आठवड्यातून तीन सकाळी, साडेसात ते साडेनऊ, मांजलपूरच्या आसपास एखादी अभ्यासिका किंवा वाचनालय शोधून तिथे बसायचं. एखाद्या दिवशी सकाळी कुठे उघडं मिळालं नाही तर मैत्रिणीच्या घरी, पण स्वतःच्या घरी नाही. त्या तीन दिवशी बाळाचं दूध, अंघोळ आणि दप्तर मिस्टरांनी नऊला निघण्याआधी बघायचं. त्यांच्याकडे ही मदत म्हणून मागू नकोस. असं म्हण, "तुम्ही म्हणता ऑनलाइन सोपं आहे. बारा आठवडे करून बघते, तुम्ही हे तीन दिवस सांभाळा. मग जे ठरेल ते दोघांनी मिळून ठरवू." सासूबाईंशी वेगळी बोल, आणि आधी बोल. त्यांना एकच भीती असेल, सगळं आपल्या अंगावर पडेल याची, आणि ती खोटी नाही. त्यांच्या गुडघ्यांनी पहिलीतल्या पोरामागे धावायचं का? साडेनऊला तू परत येणार आहेस, नंतरचं सगळं तुझं, हे त्यांना स्वच्छ सांग.

एप्रिलअखेर परीक्षा होते, कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत. तोवर तुला कळलेलं असेल. ते तीन दिवस मिस्टरांनी खरंच सांभाळले, बाळ आजारी पडलं तेव्हाही तुझी जागा कोणीतरी घेतली आणि गृहपाठ वेळेवर गेले, तर खुशाल ऑनलाइन एम.कॉम. कर. मान्यता तपासून, आणि त्या आठवड्याच्या तासांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून. पण तिसऱ्या आठवड्यात 'आज जरा राहू दे' सुरू झालं, पाचव्यात मंगळवार गेला, सातव्यात गुरुवार गेला, तर कोणाशी भांडू नकोस आणि स्वतःलाही बोल लावू नकोस. सरळ सकाळच्या कॉलेजचा फॉर्म भर. आज पत्रातलं जे दिसतंय त्यावरून मला विचारशील, तर मी कॉलेजच म्हणेन. सहा सकाळी मागण्यापेक्षा तीन मागणं सोपं, म्हणून आधी तीन मागून बघ म्हणतेय. कॉलेज घेतलंस तरी एनपीटीईएल सोडू नकोस, वर्गात निसटलेलं तिथे पुन्हा ऐकायला मिळतं. दोन्ही एकत्र वापरणारी मुलं मी शेवटच्या वर्षी पाहिली, ती खरी हुशार.

मोबाइलचं विचारलंस. पाहायला चालेल, सोडवायला चालणार नाही. ताळेबंदाच्या दोन बाजू एका हाताच्या पडद्यावर मावत नाहीत, आणि वरून शाळेच्या गटाचे मेसेज टपकत राहतात. सासऱ्यांचा तो डेस्कटॉप बहुतेक एखाद्या जुन्या ओढणीखाली झाकलेला असेल आणि त्यावर इस्त्रीचे कपडे असतील. व्हिडिओ वाचनालयात मोबाइलवर बघ, वहीत मांडून घे, आणि गृहपाठ भरायला रविवारी सकाळी अर्धा तास तो लाव. तेवढी एक सूट देते. चालत नसेल तर गल्लीतला पोरगा रॅम घालून देईल. सासऱ्यांनाच विचार, पासवर्ड त्यांच्याकडेच असेल, आणि कोणी विचारायला आलं तर त्यांना बरं वाटेल. कपडे मात्र आधी कपाटात जाऊ देत.